तीन पायांची वाट

१ डिसेंबर १९९४

आले एकदाची! बसवाल्याने माझ्या दोन्ही बॅगा स्वतः उतरवून दिल्या आणि वर बजावलं, बाई, या उन्हावर भुलू नका, हे फक्त पाहुण्यांना फसवायला येतं. पण भुलण्यासारखंच होतं. समोर कार्न ग्रुअमचा डोंगर खांद्यापर्यंत पांढरा, खाली तपकिरी दरी, नदी, हॉटेल, शाळा आणि धुरांड्यांतून धूर सोडणारी मोजकी घरं. डंडीच्या शाळेत इतकी वर्षं पोरांना फळ्यावर डोंगर काढून दाखवले. आता खरा डोंगर, तोही पगारी. मी रस्त्यातच मोठ्याने हसले. एका मेंढीने वळून पाहिलं.

काम अगदी माझ्या जिवाचं आहे. हिवाळाभर रोज सकाळी डोंगर चढायचा. बर्फ किती आणि कसला, कुठे निसरडं, वारा कसा, कुठे हिमलोट सुटण्याची भीती, हे सगळं बघायचं आणि दुपारी खाली येऊन अहवाल लिहायचा. तो हॉटेलच्या फळ्यावर लागतो, फोनवरही ऐकता येतो, आणि ग्लासगोपासून लीड्सपर्यंतचे डोंगरवेडे त्यावर आपला शनिवार-रविवार ठरवतात. डोंगर म्हणजे माझी जड सवत, असं माझा नवरा म्हणायचा. शेवटी त्याने मला हलकी सवत आणली. असो. आज आनंदाचा दिवस आहे.

खोली ऊना रे नावाच्या बाईंकडे घेतली आहे. साठी ओलांडलेली, बारीक, हातांची सतत काही ना काही लगबग. माझ्याआधी हे काम तिचा नवरा डूगल करायचा. गेल्या मार्चमध्ये वर पडून गेला. तिने हे मला सूप वाढता वाढता सांगितलं, आवाज जराही हलू न देता. मग म्हणाली, खा पोरी, वर गेल्यावर पोटात आधार लागतो.

३ डिसेंबर

आज टॉर्क्विल मेन्झीसने काठी माझ्या स्वाधीन केली. टॉर्क्विल हा हॉटेलचा मालक, दरी मंडळाचा अध्यक्ष, आणि म्हणून माझा साहेब. गुलाबी गालांचा, बोलायला गोड, हात हातात घेतला की सोडत नाही. काठी माझ्या उंचीची, टोकाला लोखंड, अंगावर मापाच्या खुणा. दर काही पावलांनी ती उजव्या हाताने बर्फात खुपसायची आणि खोली बघायची.

त्यामुळे अहवालवाल्याची वाट कुणालाही ओळखू येते. दोन पावलं आणि उजवीकडे गोल भोक, पुन्हा दोन पावलं आणि भोक. इथे तिला तीन पायांची वाट म्हणतात. टॉर्क्विल सांगत होता, या दरीत लोक कागदावर विश्वास ठेवत नाहीत, तीन पायांवर ठेवतात. जिथे काठी खुपसून कोणी गेलं आहे तिथे आपला बूट बुडायचा नाही, हा हिशेब.

माथा भलामोठा आणि सपाट आहे. मधोमध दगडांची रास. पूर्वेला तो एकदम तुटतो. पश्चिमेचा वारा रोज थोडा थोडा बर्फ त्या कड्याबाहेर नेऊन रचतो आणि त्याचा छज्जा तयार होतो. वरून पाहिलं तर जमीनच वाटते, खाली मात्र नुसती हवा. मी राशीपाशीच वळते. माझी वाट त्यापुढे जाणार नाही, हे आज पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

१० डिसेंबर

शनिवार. गंमत पाहिली. हॉटेलात न्याहारीला बसलेले लोक आठ वाजले तरी उठेनात. लापशी संपली, चहा तिसऱ्यांदा झाला, सगळ्यांचे डोळे खिडकीकडे. मी काठी घेऊन समोरच्या, डोंगरवाटेच्या फाटकातून आत गेले आणि मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. वर जाऊन मागे पाहते तर माझ्या पावलांत पावलं टाकत रंगीत मुंग्यांची रांग. अहवालात मी काल स्वच्छ लिहिलं होतं की दुपारनंतर वादळ आहे, लवकर परता. एकानेही वाचलं नव्हतं. एक बुवा तर म्हणाले, वाचायचं कशाला, तुम्ही आहात ना पुढे!

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. इतकी वर्षं पोरांच्या पुढे उभी होते, कोणी मागे आलं नव्हतं.

संध्याकाळी रोनाला फोन केला. माझी धाकटी बहीण, ॲबर्डीनला नर्स. आई गेली, नवरा गेला, आता या जगात माझं म्हणावं असं हे एवढंच माणूस उरलं आहे, आणि तेही रोज भांडायला. तिने विचारलं, तुझा अहवाल कळतो तरी का कुणाला? मी तोऱ्यात सांगितलं, बाई, तू आलीस तर अहवाल वाचूच नकोस, नुसती माझ्या पावलांमागे ये. ती म्हणाली, लहानपणापासून तेच तर करतेय, आणि प्रत्येक वेळी चिखलात पडतेय.

१६ डिसेंबर

टॉर्क्विलने माझा अहवाल बदलला. मी लिहिलं होतं, माथ्यावर जाऊ नये, पूर्वेचा छज्जा कच्चा आहे. फळ्यावर लागलं, माथ्यावर अनुभवी मंडळींनी जपून जावं, दृश्य अप्रतिम. मी त्याच्या कचेरीत गेले. त्याने मला बसवलं, शॉर्टब्रेडची बिस्किटं पुढे केली आणि समजावलं की तू लिहितेस ते खरंच आहे गं, पण खरं ऐकून लोक दुसऱ्या दरीत जातात. जरा साखर घाल की. मी म्हटलं, मी बर्फ मोजते, मिठाई करत नाही. तो खो खो हसला आणि माझा हात थोपटला. डूगलही असाच होता म्हणे, तोंडाने फटकळ पण कामाला चोख.

तो हात मी घरी येऊन साबणाने धुतला.

२० डिसेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली. हवा खराब होती, राशीपासून पाच हात पुढचंही दिसत नव्हतं. नेहमीसारखी वळणार तोच पायाशी पाहिलं. तीन पायांची वाट राशीच्या पुढे गेली होती. पूर्वेला.

माझीच असेल असं आधी वाटलं. धुक्यात माणूस भरकटतो आणि त्याला कळतही नाही. पण माझी पावलं मागे होती, तिथेच थांबलेली. ही पुढची मोठी होती. मी माझा बूट त्यात ठेवला. चारी बाजूंनी जागा उरली.

खाली टॉर्क्विलला विचारलं, माझ्यावर लक्ष ठेवायला दुसरं कोणी पाठवतोस का? तो म्हणाला, तुझा एक पगार देतानाच माझा जीव जातो. विनोद बरा होता. पण बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

१ जानेवारी १९९५

नववर्ष. इथे मध्यरात्रीनंतर उंबऱ्यात पहिलं पाऊल कोणाचं पडतं याला भारी महत्त्व. उंच, काळ्या केसांचा पुरुष हवा, हातात कोळसा आणि व्हिस्की हवी. बाई पहिली आली तर वर्ष फुकट गेलं. मी हॉटेलातल्या नाचावरून लवकर परतले तर ऊना मला दारातच अडवून उभी. म्हणाली, थांब गं पोरी, अजून कोणी आलं नाही. मी थंडीत कुडकुडत उभी. बायकांनी वर्ष बुडतं म्हणणाऱ्या गावात बाईला रोज डोंगरावर पाठवायला मात्र कोणाची हरकत नाही.

मग ऊना एकदम बाजूला झाली, चेहरा उजळला, म्हणाली, ये आता, झालं. मी मागे वळून पाहिलं. कोणी आलं नव्हतं. उंबऱ्यासमोर ताजा बर्फ भुरभुरत होता आणि त्यात माझी पावलं होती. नीट पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. थंडी वाजत होती.

९ जानेवारी

आठ दिवस सारखं वादळ. आज थोडं निवळल्यावर गेले. कोऱ्या बर्फात मी पहिलीच असायला हवी होते. पण अर्ध्या चढावर ती वाट सुरू झाली. मधूनच. कुठून आली याची खूण नाही, अलीकडचा बर्फ सपाट. दोन पावलं आणि भोक, दोन पावलं आणि भोक, राशीपर्यंत आणि पुढे पूर्वेला. परतीचं एकही पाऊल नाही.

मी ती तुडवली. दोन तास वेड्यासारखी नाचत होते, पार कड्याच्या अलीकडे जिथपर्यंत धीर झाला तिथपर्यंत. राशीपलीकडे आडवी दोरी बांधून लाल फडकी लावली. अहवालात मोठ्या अक्षरांत लिहिलं, राशीपुढची वाट माझी नाही, तिच्यावरून जाऊ नये. टॉर्क्विलने ते वाक्य गाळलं. म्हणाला, लोक विचारतील की मग कोणाची? काय सांगू?

मी म्हटलं, जे तुला माहीत आहे ते सांग. त्याने तो कागद तसाच फळ्यावर टाचला.

१४ जानेवारी

एक मुलगा गेला.

ग्रेग नावाचा. लीड्सचा, चोविशीचा. सकाळी न्याहारीला माझ्या शेजारच्या टेबलावर होता, अंड्यावर मीठ जास्त पडलं म्हणून मित्राला हसत होता. मी राशीपासून परत फिरले तेव्हा धुकं दाटलं होतं. माझ्या मागची माणसं मी मोजून वळवली. हा मागे रेंगाळला होता, बुटाची नाडी बांधत. मोजणीत तो सुटला आणि धुक्यात राशीपुढे गेला. फडकी लावलेली दोरी वाऱ्याने कधीच पुरली होती.

बचाव पथकाने त्याला छज्ज्याच्या खाली शोधलं. मी त्याच्या मित्राजवळ बसले होते. तो मला एकच सांगत होता, तुमची वाट होती ना, तुमचीच वाट होती.

१७ जानेवारी

पथकाने काढलेला फोटो मला दाखवला. तीन पायांची वाट सरळ कड्याबाहेर गेलेली, तिच्यावर त्या मुलाची पावलं. पोलिसांनी विचारलं, ही खूण कोणाच्या काठीची? या दरीत काठी एकच आहे. मी बूट पुढे केले, माप घ्या म्हटलं. ते म्हणाले, बर्फ वितळला की पावलं मोठी होतात. उणे बारात कुठे वितळतो रे बर्फ!

दुकानात गेले तर बोलणी थांबली. पाव घेतला. मागून एक बाई, मला ऐकू येईल अशी, म्हणाली की डूगलच्या वेळी असं नव्हतं बाई, शाळामास्तरणीला नेमल्यावर दुसरं काय होणार. मी वळून तिला सांगितलं, मला नेमलं कारण इथल्या एकाही बाप्याने काठीला हात लावला नाही. का नाही लावला, ते घरी जाऊन विचारा. ती बाई पावांचे भाव वाचू लागली. या लोकांना सगळं ठाऊक आहे. शिव्या द्यायला ते मोकळे आहेत, फक्त सांगायला मोकळे नाहीत.

चौकशी संपेपर्यंत दरी सोडायची नाही, असं पोलिसांनी बजावलं आहे. नाहीतर आजच गेले असते.

२३ जानेवारी

आज वर दोन होत्या.

पुढे तीन पायांची वाट. तिच्यामागे, बरोबर तिच्या पावलांत पाऊल टाकत, दुसऱ्या बुटांची. बूट नवे, टाचेला चौकोनी नक्षी. डाव्या बाजूला नाडी बर्फात घासत गेल्याची रेघ.

ती रेघ आधी बुटाने पुसली. मग दोन्ही वाटा तुडवल्या.

२९ जानेवारी

ऊना बोलली. मी विचारलं नव्हतं. मी चुलीपाशी मोजे वाळवत होते आणि ती बटाटे सोलत होती.

मार्चमध्ये असंच पांढरं आंधळं वादळ होतं. डूगलने लिहून दिलं होतं, कोणीही जाऊ नये. टॉर्क्विल घरी आला. हॉटेल भरलेलं होतं, पाहुणे चिडले होते. म्हणाला, नुसती वाट पाडून ये बाबा, पुढचं मी बघतो. डूगल शिव्या देत गेला, पण गेला. छज्जा तुटला. वादळ इतके दिवस चाललं की शोधायलाही कोणी जाऊ शकलं नाही, आणि मग बर्फात तो कुठे आहे कळेना. मे महिन्यात बर्फ ओसरला तेव्हा सापडला. तोपर्यंत ऊना खिडकीत बसून होती.

तो अजून जातो, ती म्हणाली. हवा वाईट असली की जातोच. काम अर्धं टाकायची सवय नव्हती त्याला.

ती रोज सकाळी चहाचे दोन थर्मास भरते. एक मला. दुसरा फाटकाच्या खांबावर ठेवते. संध्याकाळी रिकामा असतो म्हणे.

मी ओरडले. मी म्हटलं, ऊना, तुझा नवरा पोरांना मारतोय. तिने बटाटा पाण्यात टाकला आणि शांतपणे म्हणाली, मारत नाही गं. तो पुढे जातो फक्त. मागे लोक आपणहून जातात. आणि बघ ना, आता त्याला एक सोबत झाली.

पगार नाही, रजा नाही, मेल्यावरही सुटका नाही. टॉर्क्विलला याहून चांगला नोकर मिळणार नाही.

५ फेब्रुवारी

रोनाचा फोन. वर्तमानपत्रात वाचलं म्हणाली, मी येते. मी म्हटलं, येऊ नकोस. ती म्हणाली, तू एकटी कुढत बसशील, मी ओळखते तुला. मी म्हटलं, आलीस तर मी दार उघडणार नाही. ती चिडली. आईचं शेवटचं दुखणं निघालं, कोणी काय केलं आणि काय नाही तेही निघालं. फोन मी आपटला.

बरं झालं. रागावली आहे म्हणजे येणार नाही. मला ती रागावलेली चालेल, जन्मभर चालेल, फक्त खाली राहू दे.

११ फेब्रुवारी

मी जाणं थांबवलं. मीच गेले नाही तर दरीत तीन पायांची एकही खरी वाट उरणार नाही. मग जी दिसेल ती खोटी, इतकं सोपं.

न्याहारीच्या वेळी हॉटेलात उभं राहून सगळ्यांना तेच सांगितलं. आज मी वर गेलेले नाही, वाट दिसली तर ती माझी नाही. लोक काट्याने अंडं चिवडत माझ्याकडे पाहत राहिले. टॉर्क्विल माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांना म्हणाला, अपघात मनाला लागला आहे बिचारीच्या, विश्रांतीची गरज आहे. एका बाईने हळहळून च्च केलं.

१८ फेब्रुवारी

वाट आता फाटकापासून सुरू होते.

आधी अर्ध्यातून निघायची. मी जाणं बंद केलं आणि तिला खालपासून मोकळीक मिळाली. हॉटेलच्या खिडकीतून दिसते. लोक खुर्च्या सरकवून उठतात.

मी पळत जाऊन त्यांच्यापुढे आडवी पडले. तिघे वळले. दोघे शिव्या देऊन गेले, नशिबाने हवा उघडी होती, कडा दिसला, परतले. संध्याकाळी त्यांनी माझी तक्रार केली.

उद्यापासून रोज पहाटे फाटकाशी. फावडं घेऊन.

२३ फेब्रुवारी

हात फुटले आहेत. तुडवते, तासाभराने पुन्हा असते. काल माझ्यासमोर — पाहत असताना — फाटकापलीकडे गोल भोक पडलं. मग दोन पावलं. मग भोक. वारा नव्हता. कोणी नव्हतं.

मी डूगल म्हणून हाक मारली. भोकं थांबली.

विनवलं. म्हटलं, तुम्ही शहाणे माणूस, तुम्हीच लिहिलं होतं ना जाऊ नये म्हणून. बराच वेळ काही नाही. वाटलं, ऐकलं.

मग पुढे दोन पावलं. आणि मागे चौकोनी नक्षीची दोन.

२४ फेब्रुवारी

पोलिसांनी जबाबासाठी खाली शहरात बोलावलं आहे. काठी घेऊन या म्हणाले. बस संध्याकाळी परत. ऊनाला बजावलं, उद्या सकाळी कोणी फाटकात शिरलं तर मला उठव.

— रात्र शहरातच. रस्ता बर्फाने बंद. पहाटे बर्फ सारणारा नांगर येईल म्हणतात. घरी फोन केला, ऊनाने उचलला नाही.

२५ फेब्रुवारी

काठी मोजून परत दिली होती, ती घेऊन नांगराच्या मागे बसून आले. हॉटेलसमोर निळी गाडी. रोनाची गाडी.

ऊना स्वयंपाकघरात. म्हणाली, बहीण आली होती तुझी, गोड आहे. तुला शोधत होती. भांडण मिटवायचं म्हणून केक आणला होता. मी विचारलं, काय सांगितलंस तिला? ऊना म्हणाली, ताजी वाट होती फाटकापासून, म्हटलं गेली असेल वर.

तिला ठाऊक होतं माझं अंथरूण रिकामं आहे. तिनेच ते घातलं होतं.

मी तिचे खांदे धरून हलवलं. ती म्हणाली, त्याला पोरगा मिळाला होता, पण बायकांची सोबत वेगळी असते गं.

पथकाला कळवायला टॉर्क्विलला सांगितलं. तो म्हणाला, या हवेत कोणाला पाठवू? आज बरोबर कळलं त्याला.

दुपार

राशीच्या आडोशाला. वादळात अंग झाकायच्या नारिंगी पिशवीत शिरून लिहिते आहे, बोटं वाकत नाहीत. तीन पायांची वाट, मागे चौकोनी नक्षी, आणि त्यामागे तिसरी. रोनाची. डावा पाय आत टाकते, लहानपणापासून. तिन्ही वाटा राशीला वळसा घालून पूर्वेला. परतीची एकही नाही.

पुढे दहा हातांवर सगळं पांढरं. जमीन कुठे संपते ते —

हाक आली. रोनाचीच, मला ईशी म्हणणारी ती एकटीच. ईशी, किती पुढे जाशील, थांब की जरा.

होकायंत्र पाहिलं. पुन्हा पाहिलं. आवाज पूर्वेकडून. वारा पश्चिमेचा, इतका की मी पुढे केलेला हात उडतो. वाऱ्याविरुद्ध आवाज येत नाही. हा येतो आहे. कानाशी बोलल्यासारखा.

छज्ज्यावर उभी असेल तर जिवंत आहे. हलली तर —

ओरडले, हलू नकोस, मी मागे आहे. ती म्हणाली, काहीतरीच काय, मला दिसते आहेस की तू समोर. हात करते आहेस.

रोना, ती मी नाही. ती मी —

ऐकत नाही. कधी ऐकलंय.

काठी इथे रोवते. डायरी तिला बांधते. काठीशिवाय जाईन, पोटावर सरपटत, म्हणजे माझ्या पावलांना कोणी भुलणार नाही. दोर आहे, छोटा आहे. मला माहीत आहे तिथे काय आहे. शिकवलंय मी. छज्ज्यावर दोघींचं वजन —

आजचा अहवाल. दृष्टी शून्य. वारा पश्चिम, वादळी. छज्जा केव्हाही तुटेल. कोणीही जाऊ नये. टॉर्क्विल, यातला एक शब्द बदललास तर

ती हसते आहे. मोठमोठ्याने. एकटी नाही. कोणाला तरी माझी ओळख करून देते आहे, ही माझी मोठी बहीण, सगळ्या जगाला जाऊ नका म्हणून सांगते आणि स्वतः मात्र